आईच्या नावावरचं दुखणं

माझ्या आजाराचे सगळे कागद आईच्या नावावर होते. बोटं माझी, सूज माझी, गोळ्या गिळायच्या मी, आणि चिठ्ठीवर नाव तिचं, वय तिचं. चौदा वर्षं हे असं चाललं. मीही त्यात तोंड बंद ठेवून सामील होते, हे आधीच कबूल करून टाकते.

सुरुवात झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. एका सकाळी उठले तर मूठ वळेना. आठ दिवसांत दोन्ही मनगटं सुजली. आमचं घर रायपूरच्या बूढापाऱ्यात, तलावामागच्या गल्लीत. तिथून ब्राह्मणपाऱ्यापर्यंत मराठी घरं मोजकीच, पण कुणाच्या कुकरच्या किती शिट्या झाल्या तेही सगळ्यांना ठाऊक. म्हणून आईनं जवळचा डॉक्टर सोडून मला पार स्टेशनकडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. कंपाउंडरनं विचारलं, "मरीज का नाम?" मी तोंड उघडायच्या आत आईनं स्वतःचं नाव सांगितलं. वय चव्वेचाळीस. डॉक्टरांनी माझे हात दाबून पाहिले, एकदा आईकडे पाहिलं, आणि काही न बोलता तिच्या नावावर संधिवाताच्या गोळ्या लिहिल्या.

"पोट्टी उजवायची आहे अजून," घरी आल्यावर ती बाबांना म्हणाली. "एकदा का दुखण्याचं नाव लागलं तर कोण हात धरीन तिचा?" बाबा सरकारी खात्यात कारकून, दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढणारा माणूस. "हे बरोबर नाही," एवढंच ते म्हणाले. त्यावर आईनं "मग तुम्ही आणा स्थळ" म्हटल्यावर पेपर उघडून बसले.

मग घरात नियम झाले. सकाळी आई कोमट पाण्याचा गंज भरून द्यायची. गंज म्हणजे आमच्या वऱ्हाडी घरातलं पातेलं. त्यात हात बुडवून मी बसायची. तासाभरानं एकेक बोट उघडायचं. तेवढा वेळ स्वयंपाकघराचं दार आतून बंद. शेजारीण आली तर आई बाहेरूनच सांगायची, "न्हाऊन राहिली ती." बाप्पा, इतकं न्हाणारी मुलगी सबंध मोहल्ल्यात दुसरी नसेल! पाहायला येणाऱ्यांना सकाळची वेळ कधीच द्यायची नाही. संध्याकाळी बोलवायचं, कारण संध्याकाळी माझे हात जरा चालायचे, आणि त्याआधी एक जास्तीची गोळी. पोह्यांच्या बशा हलक्या घ्यायच्या, ट्रे बोटांनी न धरता तळहातांवर पेलायचा. याची आईनं माझ्याकडून रीतसर तालीम करून घेतली होती. तरी कुणाची ना कुणाची नजर मनगटावर जायचीच. "कळवतो" म्हणून गेलेले लोक पुन्हा काही कळवायचे नाहीत.

एक स्थळ मात्र आपणहून चालून आलं. ब्राह्मणपाऱ्यात एक मराठी बाई राहायच्या, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. त्यांनी वाण म्हणून स्टीलची डबी दिली, ती मी घेतली, तिळगूळ खाल्ला, घरी आले. पंधरा दिवसांनी त्यांनी धाकट्या भावासाठी मला मागणी घातली. भाऊ रेल्वेत, शांत, चष्मेवाला. मी त्याला दोनदा पाहिलं होतं आणि आता लपवून काय करायचं, मला तो आवडला होता. आईनं पत्रिका उघडूनसुद्धा न पाहता "जुळत नाही" म्हणून परत पाठवली.

"न पाहता कशी जुळत नाही?" मी भांडले.

"अवं, नर्स आहे ती! आठ दिवसांत ओळखीन. मग सगळीकडं छीथू होईन आपली."

मला राग आला होता, पण भीती मलाही होती. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग मला आजही येतो, आणि तो आईवर काढता येत नाही.

मी सत्ताविसाची असताना बाबा गेले. आईला फॅमिली पेन्शन सुरू झालं, त्यावर आम्ही दोघी. भाऊ एकच. राज्याची वाटणी झाली तेव्हा त्याची नोकरी पलीकडच्या राज्यात राहिली, आणि हळूहळू तोही पलीकडचाच झाला. आमचं रायपूर राजधानी झालं. जिकडेतिकडे नव्या पाट्या, नवे साहेब, लाल दिव्यांच्या गाड्या. मला त्याचं काही कौतुक नव्हतं. तोवर माझी बोटं मधल्या सांध्यात वाकून तशीच राहायला लागली होती. पेन धरता येत नव्हतं, पोळी लाटता येत नव्हती.

राज्य झाल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आई भाजी घेऊन आली आणि दारातच कोसळली. हृदयाचं निघालं. दवाखान्यातून घरी आणलं त्या दुपारी खाटेवर पडल्या पडल्या तिनं विचारलं, "मी गेली तर तू खाशील काय वं?"

उत्तर दोघींनाही माहीत होतं. ती गेली की पेन्शन बंद, आणि त्याशिवाय घरात दुसरं काही येत नव्हतं.

बाबांचे एक जुने सहकारी भेटायला आले होते, त्यांनी वाट दाखवली. अपंग आणि कमवू न शकणाऱ्या मुलीला आईच्या मागेही पेन्शन मिळतं, म्हणाले, फक्त जिल्ह्याच्या मेडिकल बोर्डाचं प्रमाणपत्र हवं. मी एकटीच पेन्शनच्या ऑफिसात गेले. निम्म्या फाइली जुन्या राजधानीहून पोत्यांत भरून आल्या होत्या आणि ती पोती अजून जिन्याखाली बांधलेलीच. फॉर्मवरसुद्धा जुन्या राज्याचं नाव छापलेलं, ते पेनानं खोडून वर नवं लिहिलेलं. बाबूनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि बिचारा बऱ्यापैकी नीट बोलला.

"दीदी, हाथ तो दिख रहा है. लेकिन पिताजी के रहते से बीमार थीं, इसका कागज चाहिए. पुराना पर्चा, एक्स-रे, कुछ भी."

"आहेत ना," मी म्हटलं. "थैलीभर हैं."

म्हटलं खरं, आणि लगेच त्यांवरचं नाव आठवलं. मी चाचरत विचारलं, कागद घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर असतील तर?

"ना ना ना," त्यानं दोन्ही हात हलवले. "दूसरे का पर्चा लगाया तो फर्जी का केस बन जाएगा. वो गलती मत करना."

घरी येऊन आईला सांगितलं. बोर्डाची तारीख पंधरा दिवसांवर होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी उठून पाहते तर आई खिडकीशी बसलेली, मांडीवर पाट, पाटावर डॉक्टरांची चिठ्ठी, आणि बाबांच्या दाढीच्या ब्लेडनं ती स्वतःचं नाव खरवडून राहिली होती. एका चिठ्ठीला भोक पडलं होतं, दुसरीवर हात चालू होता. घामानं चष्मा नाकावर घसरलेला.

माझं डोकंच फिरलं. "काय करतेस हे? वेड लागलं काय तुला?"

"तुझं नाव लिवून देतो त्या जागी."

"आणि प्लेटचं काय करशील? तिथं कुठं ब्लेड चालवशील?" मी थैलीतून एक्स-रे काढून तिच्यासमोर आपटला. मी बाविशीची असताना काढलेला दोन्ही हातांचा एक्स-रे. कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव आतूनच उमटलेलं. "आई, बोर्डापुढे खरं सांगायचं. दुसरा रस्ता नाही."

"काय सांगू? का मी चौदा वर्षं साऱ्या जगाशी खोटी बोलली म्हणून?"

"हो! तेच सांग!"

"तुले काय, तुले सोपं आहे."

"मला सोपं आहे?" मी इतक्या जोरानं ओरडले की गल्लीतली एक स्कूटर थांबली. "माझं सगळं तू झाकून ठेवलंस. आता दाखवायची वेळ आली तर दाखवायला काही उरलंच नाही माझ्याजवळ. तू मरशील आणि मी भीक मागीन, ते तरी झाकशील का?"

बोलून गेले. आजारी माणसाला असं बोलू नये, कळत होतं, पण बोलून गेले. आईनं ब्लेड कागदात गुंडाळून ठेवलं. दोन दिवस आम्ही "ताट वाढलं" आणि "पाणी तापलं" याशिवाय बोललो नाही.

बोर्डाच्या दिवशी सकाळी तिनं सवयीनं गोळी माझ्यापुढे धरली. मी नको म्हटलं. "आज दाखवायचं आहे, लपवायचं नाही." ती गोळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. दुखणं अंगावर घेऊन मी साडीत शिरत होते ते तिला पाहवत नव्हतं. शेवटी निऱ्या तिनंच खोचल्या, वेणी तिनंच घातली, आणि कुंकूही तिनंच लावलं. कागदांची थैली मी मनगटात अडकवली. ती माझ्या सोबत खोलीत शिरेल की बाहेर बसेल, आणि शिरली तर काय बोलेल, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

दवाखान्यात बोर्डाची खोली वरच्या मजल्यावर. अपंगांना तपासायचं ते वरच्या मजल्यावर, वा रे अक्कल! कुबड्यावाले, पोलिओवाले सगळे कठड्याला धरून चढत होते. अभनपूरकडचा एक म्हातारा पायऱ्यांवरून बसून बसून वर सरकत होता. आईला धाप लागली म्हणून आम्ही दोनदा थांबलो. वर पोचलो, आणि दारात रजिस्टर घेऊन नावं पुकारणारी बाई पाहून आई जागच्या जागी थिजली. ब्राह्मणपाऱ्यातल्या त्याच नर्सबाई होत्या. केस पांढरे झाले होते, तरी चटकन ओळखू आल्या.

आईनं माझा दंड धरला. "चल घरी."

"काय?"

"पुढच्या बुधवारी येऊ. आज मले बरं वाटून नाही राहिलं. चल म्हणतो ना!"

"आई, सोड. दुखतंय."

तिनं दंड सोडला, पण पाय जिन्याकडेच वळले होते. तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं. मी मागे न पाहता आत शिरले. दोन पावलं गेल्यावर मागून तिच्या चपलांचा आवाज आला.

आत तीन डॉक्टर. मधले मोठे साहेब हाडांचे. त्यांनी मूठ वळायला सांगितली, वळली नाही. पेन उचलायला सांगितलं, दोन तळहातांत धरून उचललं. मनगट फिरवलं तेव्हा मी ओठ चावला. "कब से है?" मी म्हटलं, "एकोणीस... उन्नीस साल की थी तब से." त्यांनी कागद मागितले. मी थैली टेबलावर ठेवली.

त्यांनी एक चिठ्ठी पाहिली, दुसरी पाहिली, भोक पडलेली तिसरी पंख्याकडे धरून पाहिली. मग एक्स-रे.

"ये तो किसी और के हैं."

"माझ्या आईचं नाव आहे," मी म्हटलं. हिंदी कुठं पळून गेलं कोण जाणे.

साहेबांनी आईकडे पाहिलं. "माताजी, ये आपका इलाज है?"

हो म्हटलं असतं तर ती मोकळी होती. कुणी तिला खोटारडी म्हटलं नसतं, केस झाली नसती, माझं पेन्शन तेवढं बुडालं असतं. नर्सबाई रजिस्टर छातीशी धरून दोन हात अंतरावर उभ्या होत्या. मी आईकडे पाहिलं आणि मला नक्की वाटलं की ती हो म्हणणार.

"नहीं साहब," आई म्हणाली. "ये मेरा नहीं है. मैं झूठ बोली थी."

मग तिनं पुढे होऊन दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. बांगड्या मागे सारल्या. चौदा वर्षं दोघींचं काम केलेले ते हात, भेगाळलेले, नखं झिजलेली, पण बोटं सरळ. "ये मेरे हाथ देखो. अन् उस फोटू के हाथ देखो. मेरे को कभी कुछ नहीं हुआ. शादी के लिए छुपाया साहब, लड़की की शादी के लिए."

"आपको मालूम है इसमें मामला बन सकता है?"

"बनाओ. मेरे ऊपर बनाओ. इसका कागज दे दो."

मग ती बोलतच सुटली, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. कंगवा धरता येत नाही हिले. नळ पिळता येत नाही, चावी फिरत नाही, ब्लाउजचे हुक मीच लावतो. भाकर मोडत नाही म्हणून घरी चमच्यानं वरणभात खाते, अन् लग्नात कोणाच्या गेली तर भूक नाही म्हणते. भूक असते साहब, लोग देखेंगे करके नहीं खाती. घर आके खाती है.

मला वाटायचं हे तिला ठाऊकच नाही. पंगतीतून उपाशी उठल्यावर "काहून वं, जेवली नाही नीट?" असं तीच तर विचारायची. मी खाली मान घालून रडायला लागले आणि डोळे पुसायला पदरही धड धरता येईना.

मोठ्या साहेबांनी एक चिठ्ठी लिहिली. "माताजी का और बेटी का, दोनों के हाथों का एक्स-रे अभी निकलवाओ. फिर देखते हैं."

एक्स-रे वाळेपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो. नर्सबाई रजिस्टर दुसऱ्या कुणाकडे देऊन आल्या आणि आईशेजारी बसल्या. आई खाली बघत म्हणाली, "माफ करा बाई. तुमच्या भावाच्या वेळी..."

"काकू, मले माहीत होतं."

आईनं मान वर केली.

"संक्रांतीले मी वाण दिलं ना, तर हिनं डबी दोन्ही तळहातांत धरली. बोटं लावली नाहीत. मी नर्स आहो काकू, रोज हेच पाहतो. घरी जाऊन भावाले सांगितलं. पोरगी चांगली आहे पण संधिवात आहे तिले, औषधपाणी जन्मभर लागीन. तो म्हणाला, लागू दे. म्हणून तर विचारलं होतं."

नर्सबाईंच्या बोलण्यात राग नव्हता, उलट असता तर बरं झालं असतं. भावाचं लग्न कधीच झालं होतं, त्याला मुलं होती, हे मला माहीत होतं. तरी त्या क्षणी मला आईला गदागदा हलवून विचारावंसं वाटलं, कळलं? कळलं का आता? पण माझ्या हातांत कुणाला हलवायची ताकद नव्हती. आणि आईचं तोंड पाहिल्यावर काही विचारायची गरजही नव्हती.

आत बोलावलं तेव्हा साहेबांनी दोन्ही प्लेटा खिडकीच्या उजेडात धरल्या होत्या. दोन्हींवर आईचंच नाव. एकीत सांधे कुरतडलेले, दुसरीत हाडं स्वच्छ. मग माझा आजचा एक्स-रे जुन्याशेजारी धरला. तीच हाडं, आणखी खचलेली. त्यांनी बराच वेळ लिहिलं. आजार वडिलांच्या हयातीपासूनचा आहे, जुन्या कागदांवर मरीजाऐवजी आईचं नाव आहे, बोर्डाची खात्री पटली आहे. आईची त्याखाली सही घेतली. मामला वगैरे काही काढला नाही. "अगली बार दवाई अपने नाम से लेना," एवढंच मला म्हणाले.

पेन्शनचा आदेश हाती पडायला पुढे आठ महिने गेले. आईनं तो चष्मा लावून दोनदा वाचला, त्यातलं माझं नाव बोटानं दाखवलं आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. पण मला जास्त आठवते ती बोर्डाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

आईनं पाणी तापवलं, गंज भरला, आणि मी नेहमीसारखी स्वयंपाकघराचं दार लावायला गेले.

"राहू दे," ती म्हणाली. धापा टाकत गंज उचलून तिनं बाहेर अंगणात आणला, उन्हात पाट मांडला आणि मला बसवलं. गल्लीतून माणसं जात-येत होती. समोरच्या काकूंनी कपडे वाळत घालता घालता पाहिलं.

"काहून वं, काय झालं हाताले?"

मी सवयीनं हात पाण्याबाहेर काढायला गेले. आईनं माझी मनगटं धरून ती पुन्हा पाण्यात ठेवली.

"संधिवात आहे तिले," ती मोठ्यानं म्हणाली. "एकोणीसची होती तेव्हापासून."